मातामायचा कोंबडा अन् आमचा नाताळ

१८ डिसेंबर
आता हेच बाकी होतं! शेजारची दुर्गाबाई पोरीच्या बाळंतपणाले कटंगीले गेली, अन् मातामाय देवीच्या नवसाचा कोंबडा आमच्या अंगणात बांधून गेली. पायात काळा दोरा, नवसाची खूण. म्हटलं, बाई, आम्ही ख्रिश्चन माणसं, आमच्याकडं काहून? तर म्हणे, "भाऊ, भरोशाचं घर म्हणजे तुमचंच." असं म्हटल्यावर कोण नाही म्हणंल? आनंदी म्हणते, जरा स्तुती केली का हे हत्तीही बांधून घेतीन. बायकोले नवऱ्याची किंमत नसते.

२० डिसेंबर
हा कोंबडा अन् आमचा नाताळाचा, दोघंही तांबडे, सारखेच. फक्त आमचा हलकट. मी दिसलो का पायाले टोचते. दुर्गाबाईचा बिचारा गरीब आहे.

२३ डिसेंबर
संध्याकाळी पास्टर वीरेंद्र प्रार्थनेले येऊन गेले. परवाच मी मंडळीपुढं उभा राहून विश्वासू ख्रिस्ती कसा असावा ते सांगितलं — अन् माह्याच अंगणात नवसाचा कोंबडा! लोक काय म्हणतीन? ते यायच्या आधी दोरा सोडून खिशात टाकला. उद्या बांधू.

२५ डिसेंबर
नाताळ! मेहुणा गजेंद्र भरवेलीहून सकाळीच आला. आम्ही चर्चमधून येईपर्यंत पठ्ठ्यानं कोंबडा कापून मसालाही वाटून ठेवला. रस्सा असा का बोटं चाटत राहा! पास्टरांनी तीनदा वाढून घेतलं. देवाची स्तुती असो.

२६ डिसेंबर
सकाळी अंगणात गेलो. कोंबड्यानं पायाले टोचलं.
आमचा जित्ता आहे! काल खाल्ला तो मातामायचा! दोरा अजून माह्या खिशात.
आनंदी म्हणते, बांधा याच्या पायात, कोणाले कळते? पास्टरांले फोन केला. म्हणे, खरं ते सांगा. अन् जरा थांबून — माझं नाव सांगायची गरज नाही.

२८ डिसेंबर
दोरा बांधला. सोडला. पुन्हा बांधला. कोंबडा वैतागला.

३० डिसेंबर
दुर्गाबाई परत आली. तिच्या श्रुतिकाले पोरगी झाली, दोघी सुखरूप. बाईनं हातावर पेढा ठेवला. तो तोंडात टाकायच्या आधीच बोलून टाकलं — दुर्गाबाई, तुमचा कोंबडा आम्ही खाल्ला. दोरा मीच सोडला होता, चार लोकांत चांगलं दिसावं म्हणून. हा आमचा घेऊन जा.
बाईनं कोंबड्याकडं पाहिलं, माह्याकडं पाहिलं. तशीच घरी गेली, कोंबडा न घेता.
लाज वाटून राह्यली. बाईनं किती भरोशानं ठेवला होता! आनंदीनं आज न मागता चहा दिला, म्हणजे पाहा.

१ जानेवारी
दुर्गाबाई सकाळीच दारात. संग एक बोकड! नवसाचा, म्हणे. आमच्या पेरूच्या झाडाले बांधून मोकळी झाली. मी म्हटलं, बाई, अजूनही आमच्यावर भरोसा?
"हौ भाऊ. मागच्या साली नवसाचा कोंबडा घरी ठेवलता, तर माह्याच पोरानं खाल्ला अन् दुसरा आणून बांधला. आजवर कबूल नाही करत. तुम्ही खाल्लं तर सांगता तरी!"