न आलेल्या वादळाबद्दल

दिल्ली, कार्तिक पौर्णिमा

बापा, तुमच्या पायांवर डोकं ठेवून लिहिते.

मी बरी आहे. बोऊला सांगा, तिची लेक पोटभर जेवते. फक्त इथल्या थंडीत पखाळासाठी रात्री पाण्यात घातलेला भात काही आंबत नाही. तिचे गुडघे कसे आहेत?

परवा तुम्ही रागाने फोन मध्येच ठेवलात, म्हणून हे पत्र. माझ्या सांगण्यावरून गाव रात्रभर निवाऱ्यात कोरडे पोहे चघळत बसलं आणि वादळ समुद्रातच विरलं. मगुणीकाका म्हणे चारचौघांत विचारतात, "बेहेरा, तुझ्या लेकीच्या यंत्राला विचार की, माझी बायको कधी गप्प बसेल!" मला हसू आलं. मग वाटलं, पुढच्या वेळी उठेल का कुणी?

बापा, आमच्या हवामान खात्याचा संगणक एकच वादळ पुन्हा पुन्हा चालवून बघतो, दर वेळी सुरुवात जराशी बदलून. कितीतरी वाटा निघतात. त्यातल्या बऱ्याच आपल्या घरावरून गेल्या होत्या. टीव्हीवर मात्र एकच रेघ दाखवतात. सगळ्या दाखवल्या तर लोक गोंधळतात, असं आमचे साहेब म्हणतात. तुम्ही कसे गोंधळाल? मासा नेमका कुठे आहे ते ठाऊक नसतं, म्हणूनच तर तुम्ही एवढं रुंद जाळं फेकता. ते रिकामं आलं म्हणून त्याला कधी खोटं म्हणालात?

पुढच्या वेळीही मी खोटीच ठरावी, असं जगन्नाथाकडे मागते. काका हसू देत. तुम्ही बोऊचा हात धरून निघा. परत आलात की मला हव्या तेवढ्या शिव्या घाला.

शिव्या घालायला तुम्ही असायला हवं, बापा.

तुमची,
कुंतला