गौरजा बोलायला लागली

५ जानेवारी
मसुऱ्यात पोहोचले एकदाची. तुळसाताईंच्या घरी खोली मिळाली आणि पानात घावणे नि काळ्या वाटाण्याचं सांबारं. सांगलीची जीभ पहिल्याच दिवशी फितूर झाली. त्यांची लेक गौरजा तीन वर्षांची आहे. अजून उभी राहत नाही, एक शब्द बोलत नाही. बालविकासाच्या अभ्यासक्रमाचं शेवटचं सत्र मी हिच्याबरोबर काढणार.
संध्याकाळी गावचे मानकरी लवूकाका यांनी देवळात गाऱ्हाणं घातलं. "ह्या बाईकडे जा काय शाणपण आसा, ता ह्या चेडवाक मिळांदे रे म्हाराजा." माझं शहाणपण या पोरीला मिळू दे, असं देवाकडे मागणं. सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले. मीही म्हणाले, चांगलं मोठ्याने. एवढं कौतुक कोण सोडतं?

१४ जानेवारी
तुळसाताईंना समजावलं की बाळाच्या मेंदूत पेशी असतात, पण त्यांच्यामधल्या वाटा वापरूनच मळतात. वापर नसला की वाट बुजते. म्हणून रोज तेच खेळ, तेच शब्द. आपल्या पोरीच्या वाटेवर रानच माजलंय का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, साफ करू की.

२२ जानेवारी
गौरजा उभी राहिली, काही न धरता. तुळसाताई रडल्या, मीही. आनंदात पायरी उतरताना माझाच तोल गेला. सत्ताविसाव्या वर्षी म्हातारपण.

३० जानेवारी
ती अंगणभर चालते. मी भिंत धरून चालते. डॉक्टरांनी मला तपासलं, काही सापडलं नाही.

६ फेब्रुवारी
आज ती बोलली. माड. मग विहीर, मग मांजर. एका दिवसात असं कुठल्याच मुलाचं होत नाही. तुळसाताई म्हणत होत्या, "बाई, चेडू बोलूक लागला." मीही बोट दाखवून म्हणायला गेले, ते उंच झाड, नारळ लागतात ते— शब्द आलाच नाही. वरचे तिन्ही शब्द तुळसाताईंना विचारून लिहिले.

९ फेब्रुवारी
लवूकाकांकडे गेले. गाऱ्हाणं मागे घ्या म्हटलं. ते माझ्याकडे बघेनात. म्हणाले, "मागे घेवक येता. पण चेडवाक मिळाला ता पण जातला."
तुळसाताई माझे हात धरून रडल्या. कुणासाठी, ते विचारवलं नाही. मला फार भीती वाटते.

१३ फेब्रुवारी
आज गाऱ्हाणं मागे घ्यायला देवळात जायचं ठरलं होतं. नारळ तुळसाताईंनीच काढून ठेवला, माझ्यासाठी. निघताना गौरजाने त्यांचा पदर धरला आणि हाक मारली. पहिल्यांदाच. तीन वर्षं त्या हाकेसाठी— त्या उंबऱ्यातच बसल्या.
नारळ मीच परत ठेवला. कसं जाणार—

१४ फेब्रुवारी
फोन. सांगलीहून. एक बाई रडतेय. घरी ये म्हणतेय. आवाज माझ्या अगदी आतला— हिला मी काय म्हणते— लहानपणापासून— ठेच लागली तरी तेच— तोंडाशी येतंय— अंगणात गौरजा तेच म्हणतेय, पुन्हा पुन्हा— बाई विचारतेय, सुनीती, मी कोण, सांग— आणि मी—