सतरावी चूक

ठाणे, सोमवार

प्रिय कुंडलिक,

हे पत्र तुला वैशाली वाचून दाखवील, म्हणून आधी तिलाच एक विनंती. वैशाली, तुझे बाबा मध्येच "हे राहू दे, पुढचं वाच" म्हणतील. ऐकू नकोस. लिहिले आहे त्याच क्रमाने वाच. कंपनीच्या संचालकांच्या सभांची इतिवृत्ते लिहिण्यात माझी तीस वर्षे गेली. क्रम मोडला की अर्थही मोडतो, एवढे एक त्यातून नक्की शिकलो आहे.

तुझी यादी शनिवारी मिळाली. 'चौकी नऊ' या अंतराळपटाच्या चौथ्या भागात सतरा चुका! दोन वर्षांपासून डोळ्यांपुढे अंधार असलेल्या माणसाने, निव्वळ कानांवर विसंबून काढलेल्या! माझी यादी मात्र चित्रपट पाहून आठ दिवस झाले तरी तुझ्याकडे आलेली नाही. छत्तीस वर्षांत असे कधी झाले नव्हते. तुझ्या यादीखाली वैशालीने स्वतःच्या दोन ओळी जोडल्या होत्या. येत्या गुरुवारी ठाण्यात तुझ्या डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया आहे, ही पहिली. ती मला ठाऊक होतीच. त्या शस्त्रक्रियेचे काहीही होवो, शहाडच्या घरी चालणारा रविवारचा भौतिकशास्त्राचा वर्ग तू बंद करणार आहेस आणि येत्या रविवारी मुलांना तसे सांगणार आहेस, ही दुसरी. या दुसऱ्या ओळीमुळे आज कार्यालयातून रजा घेऊन मी हे लिहायला बसलो आहे.

पहिला भाग कल्याणला लागला तेव्हा आपण एकोणीस वर्षांचे होतो. तू विज्ञानाचा, मी वाणिज्याचा. 'आधी यादी, मग तोंड' हा नियम तुझा. चित्रपट संपल्यावर एक अवाक्षर न बोलता दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर चुका लिहायच्या, कागद बदलायचे आणि मगच चहा सांगायचा. ज्याची यादी लहान त्याने मोहन्यापर्यंत सायकल मारायची, दुसऱ्याने मागे ऐटीत बसायचे. निर्वात पोकळीत स्फोटाचा आवाज कसा आला, हे तू पकडायचास. पहिल्या दृश्यात अकरा असलेले दिवे शेवटी दहा कसे झाले, ते मी. मोहन्याच्या तुमच्या घरी पोचलो की तुझी आई भाकरी थापता थापता विचारायची, "आरं, तुमी पिच्चर बघाया जाता का त्याचं वाटोळं करायला?" तिला उत्तर द्यायचे धैर्य दोघांतही नव्हते. तिच्या लाल चटणीने डोळ्यांत पाणी आलेले असायचे ते वेगळेच.

एका व्यक्तीच्या चुका मात्र आपण कधीच काढल्या नाहीत. चौकीवरचा म्हातारा दिशादर्शक तोबार. तिन्ही भागांत तो कुठेच जात नाही. वाट चुकलेल्या यानांना दिवा दाखवतो, बस. तू त्याला 'तोबारकाका' म्हणू लागलास आणि पुढे शाळेत शिक्षक झालास, तेव्हा या दोन गोष्टींचा संबंध मी मनाशी जोडला होता. तुला बोललो नाही, कारण तू हसला असतास.

सत्तावीस वर्षांनी चौथा भाग येणार म्हटल्यावर तूच फोन केलास. "दत्त्या, तू बघ, मी ऐकतो. जे बोलत नाहीत तेवढं सांग." घोडबंदर रोडच्या त्या चित्रपटगृहात आपण मुद्दाम शेवटच्या रांगेतला कोपरा घेतला. तरी पुढच्या रांगेतल्या बाई वळल्याच. "काका, ही कॉमेंटरी बंद करता का जरा?" त्यावर तू शांतपणे म्हणालास, "ताई, त्याचं तिकीट बघायचं आहे, माझं ऐकायचं. दोघांचेही पैसे वसूल व्हायला नकोत का?" त्या ओशाळून हसल्या. पुढे मला दिसले की त्या मान किंचित मागे झुकवून माझेच वर्णन ऐकत होत्या.

चित्रपटाविषयी माझे मत संमिश्र आहे. नव्या दमाची ती चार मुले प्रत्येक संकटात विनोद करतात, आणि तो प्रत्येक विनोद दुसऱ्या संकटातही चालला असता. चौकीवरचे दिवे आता नऊच आहेत. उरलेल्या दोन दिव्यांचे काय झाले, कोणीही सांगत नाही. स्फोटाला अजून आवाज येतो, हे तू नोंदवले आहेसच. पण यानाच्या खिडकीवर जमलेले हिमकण, चौकीच्या जिन्यांची झिजलेली कड, तोबारकाकांच्या अंगरख्यावरचे तिसऱ्या भागातलेच ठिगळ, हे ज्यांनी जपले त्यांना माझा नमस्कार. हे सारे तुला सांगता सांगता एक गोष्ट घडली. त्या अडीच तासांत चुका मोजायचे मी विसरलो. दिसेल ते तुझ्यापर्यंत पोचवायचे, एवढेच काम होते. आयुष्यात पहिल्यांदा मी एक चित्रपट नुसता पाहिला. ते सुख तू मला दिलेस.

या भागात तोबारकाकांची दृष्टी गेली आहे, हे संवादांतून तुला कळलेच. तू माझ्या मांडीवर थाप मारून म्हणालास, "घे! हा पण आपल्याच वर्गात आला!" पुढे चौकी सोडायचा हुकूम येतो. कप्तान म्हणतो, "तोबार, चला." त्यानंतरच्या चार मिनिटांत एकही शब्द नाही, केवळ संगीत. तू विचारलेस, "काय चाललंय रे?" मी उत्तर दिले, "दोघांनी त्याला हाताला धरून यानात बसवलं. घरी निघाले." पुढच्या बाईंनी वळून माझ्याकडे पाहिले.

कुंडलिक, असे काही झालेच नाही. तोबारकाका यानात चढले नाहीत. त्यांनी कप्तानाचा हात हसून बाजूला केला, यान जाऊ दिले आणि एकटेच आपल्या जागी येऊन बसले. बोटांनी कळा मोजल्या. एक, दोन, तीन, चार. पाचवी दाबली. त्यांना स्वतःला न दिसणारा तो दिवा लागला आणि दूर धुळीच्या वादळात भरकटलेली याने एकामागून एक त्या दिशेला वळली. तोबारकाका मान तिरकी करून त्यांची घरघर ऐकत होते. (पोकळीत ती ऐकू येणार नाही, हे मला माहीत आहे. ती चूक मी माफ केली आहे.) शेवट एवढाच. चारही भागांतला सर्वांत धीट शेवट. पण त्या क्षणी पडद्यावर मला तोबारकाका दिसलेच नाहीत. अंधारात एकटा बसलेला तू दिसलास, आणि माझा धीर सुटला. तीस वर्षांत एकाही सभेच्या इतिवृत्तात मी पदरचा शब्द घातला नाही. घातला तो तुझ्या कानात.

तुझ्या यादीतली सतरावी चूक मला पाठ झाली आहे. "शेवट खोटा. तीन भाग ज्याने सगळ्यांना रस्ता दाखवला, त्याला चौथ्यात सामान करून टाकलं." ती वैशालीकडून लिहून घेतल्यावर तू म्हणालास, "सामानाने वर्ग घेऊ नयेत." तिने फोनवर हेही कळवले आहे. तेव्हा नोंद दुरुस्त करून घे: ती चूक चित्रपटाची नाही, माझी आहे. वर्ग बंद करायचा की नाही, हे तूच ठरव. पण माझ्या खोट्या शेवटावरून ठरवू नकोस. खरा शेवट ऐकून ठरव. दिव्यांचे आणि विनोदांचे मी वर बोललो ती कुरकुर होती, यादी नव्हे. माझ्या यादीत या खेपेला एकच चूक आहे, आणि ती तू आता ऐकलीस. सतरा विरुद्ध एक. नियमाप्रमाणे ज्याची यादी लहान, त्याने न्यायचे. गुरुवारी सकाळी सात वाजता मी गाडी घेऊन शहाडला दारात उभा असेन. सायकल नाही, त्याबद्दल क्षमस्व. तू मागे ऐटीत बस. रविवारी वर्ग भरला, तर मलाही शेवटच्या बाकावर जागा ठेव. पोकळीतून आवाज का जात नाही, ते मला अजून नीट समजलेले नाही.

एका चुकीचा धनी आणि तुझाच,
गुरुदत्त