हात खाली करा

४ ऑगस्ट

चि. बंड्यास, अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. घरात फोन असताना पत्रांचं हे खूळ वर्षभर कुठून शिरलंय तुझ्या डोक्यात, कोण जाणे! बेकरीवाल्याला भट्टीपुढे एवढी फुरसत मिळते?

इकडे माझं मन थाऱ्यावर नाही. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या पोरांना कम्युनिकेशन शिकवताना पहिल्याच तासाला मी एक खेळ करते. स्पीकरवर शिट्टी लावायची, सूर चढवत न्यायचा आणि ऐकू येईनासा झाला की हात खाली. कानाला किती लागतं, तारेतून किती पाठवायचं, हे त्यातून कळतं. काल शिट्टी थांबली, तरी सगळ्यांचे हात वर! चेष्टा पुरे, हात खाली करा, म्हणून मी डाफरले. कुणी करेना. पुढच्या बाकावरची मुलगी तर दुसऱ्या हाताने कान दाबून बसलेली. मी स्क्रीनकडे पाहिलं. शिट्टी चालू होती. सूरही फार वरचा नव्हे, फोनवरच्या बोलण्यात असतो तेवढाच.

तेव्हापासून घरभर येरझाऱ्या घालतेय. विभागप्रमुखांना कळलं तर वर्ग जाईल आणि मला पेपर तपासायला बसवतील. वर्गाशिवाय मी काय करू रे? कुठे बोलू नकोस. तुम्हा दोघांवर लोभ आहेच.

तुझी ताई

११ ऑगस्ट

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

रागावणार असशील तर आधी पाणी पी. गेल्या वर्षी हिच्या ऑपरेशनचं मी फोनवर सांगितलं. तू नुसतं बरं बरं म्हणालीस आणि हवापाण्यावर आलीस. ताईला आपलं काही पडलेलं नाही, असं हिने मनाला लावून घेतलं. मला मात्र तुझ्या कानांची शंका आली. तोंडावर बोलायची छाती होईना, म्हणून पत्रं सुरू केली. हिला समजावलं, पण पटत नाही.

कानाच्या डॉक्टरकडे जा. नाही गेलीस तर पावाच्या गाडीत घालून नेईन. माया पातळ करू नकोस.

तुझा बंड्या

२ सप्टेंबर

चि. बंड्यास, अनेक आशीर्वाद.

दोन दिवस तुझा भयंकर राग आला. मग स्वतःचा आला. ऑपरेशन झालं आणि मी हवापाणी विचारत बसले!

कानात यंत्र आलंय. आवाजाचे बारीक तुकडे मोजतं, त्यांचे आकडे करतं, नको ते गाळतं आणि पुन्हा आवाज करून देतं. अर्धा अभ्यासक्रम कानात घालून फिरतेय म्हण ना! खडू फळ्यावर इतका किंचाळतो, हे विसरलेच होते. विभागप्रमुखांना मीच सांगितलं. वर्गाचं काय ते सत्र संपल्यावर बघू म्हणाले, त्यामुळे धाकधूक आहेच. पोरांनाही सांगितलं आणि तो खेळ पुन्हा घेतला. या वेळी हात मीही वर केला होता. सगळ्यांच्या आधी खाली आला, पण मागच्यापेक्षा बराच उशिरा.

आता पत्र नको. रविवारी फोन कर आणि तुझ्या बायकोकडे दे. ऑपरेशनचं पहिल्यापासून सांग म्हणावं. मी ऐकतेय.

तुझी ताई