नाजूक माल, वजन पावणेचार किलो

माननीय, वयाने ज्येष्ठ आणि वजनाने श्रेष्ठ साडूभाऊंना धाकट्या साडूचा परदेशातून, पण पूर्वीइतकाच वाकून नमस्कार. विनंती विशेष.

तुमचा गुडघा काय म्हणतोय? जिना उतरताना कटकट आवाज येतो असं ताई फोनवर म्हणाल्या. तेल चोळा आणि मुख्य म्हणजे उगीच खाली-वर करू नका; खाली तुमच्यावाचून कोणाचं काही अडलेलं नाही. ताईंची साखर आटोक्यात असेल अशी आशा आहे (तुम्ही घरात असताना ते कठीणच). इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. आता मुद्द्यावर येतो. निघताना विमानतळावर तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारून चारचौघांत म्हणालात की तिकडे तुम्हाला बाळाला हातसुद्धा लावू देणार नाहीत, हल्ली पोरं पुस्तकं वाचून वाढवतात, तुम्ही आपले बॅगा उचला आणि गप्प बसा. सगळे हसले. तुमच्या मेहुणीबाई, म्हणजे आमच्या मंडळी, सगळ्यांत जास्त हसल्या. त्या वाक्याला हे सविस्तर उत्तर. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही मधे बोलता.

सुरुवात तुमच्या मनासारखीच झाली, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला चहा गोड लागेल. आम्ही पोचलो, हातपाय धुतले, आणि सूनबाईंनी मोठ्या विश्वासाने नात माझ्या हातात दिली. आता, उभा जन्म ज्याचा पार्सल ऑफिसात गेला त्याच्या हाताला जे वळण लागलं ते लागलं! मी तिला दोन्ही हातांवर तोलली आणि तोंडातून आपोआप निघालं, "पावणेचार किलो." (वजन बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंच्या काट्यावरही तेवढंच भरलं. पण याचं कौतुक कोणी केलं नाही.) इथवर ठीक होतं. पुढे मी तिला कानाशी नेऊन अगदी हलकेच, फुलासारखी, डावी-उजवीकडे कलती केली. आत काही फुटलंय का, खडखडतंय का, हे बघायची आमची पद्धत आहे, काय करणार! मंडळींनी किंकाळी फोडली. नात माझ्या हातातून काढून घेण्यात आली आणि हुकूम सुटला: आजोबांनी लांबून बघायचं, हात लावायचा नाही.

अहो, लांबून काय बघायचं? ती काय इमारत आहे? सात समुद्र ओलांडून आलो आणि स्वतःच्या नातीकडे दारात उभं राहून बघतोय! मला फार लागलं, साडूभाऊ. तुम्हाला सांगायला लाज नाही, न्हाणीघरात नळ सोडून थोडा रडलोसुद्धा. घरात तर माझ्यासाठी काम असं नव्हतंच. मंडळी बाळाला तेल लावत, सूनबाई दूध पाजत, चिरंजीव ऑफिसात, आणि मी खिडकीपाशी एखाद्या न नेलेल्या पार्सलासारखा पडून. म्हणून फिरायला जाऊ लागलो. मागच्याच रस्त्यावर एक मोठी पत्र्याची शेड लागली. आत लांबच लांब टेबलं, खोक्यांच्या थप्प्या, आणि जगात कुठे पूर आला, भूकंप झाला की तिथे साबण, ब्लँकेटं, कंदील, तान्ह्या मुलांचे कपडे भरून पाठवणारी माणसं. पगार नाही, हौसेने येतात. एक गृहस्थ खोक्याला चिकटपट्टी लावत होते. कशी लावत होते म्हणाल, तर केळ्याच्या सालीवर पाय ठेवून लावल्यासारखी! मला राहवेना. मी शिरलो आत.

दोन दिवसांत मी त्यांचा माणूस झालो. घरून सुतळी आणलीच होती (मंडळी म्हणतात, औषधं विसरलात आणि सुतळी आणलीत, खरं आहे). माझी ती कैची गाठ तुम्हाला माहीत आहे, ताईंच्या लोणच्याची बरणी तुम्ही शेवटी करवतीने सोडवली होती तीच. ती मी प्रत्येक खोक्याला मारत सुटलो. सगळे बघत उभे. पण शेडच्या मुख्य बाई, उंच, कानावर कायम पेन खोचलेल्या, त्या आल्या, गाठ ओढून बघितली, आणि मान हलवली. त्यांचं म्हणणं असं की ही उघडणार कशी? घर वाहून गेलेल्या बाईजवळ सुरी असते का? तिच्या एका हातात मूल असतं. मी म्हटलं, बाई, पार्सल न उघडणं हाच पार्सलाचा धर्म आहे. त्या त्यांच्या भाषेत बोलल्या, मी माझ्या भाषेत बोललो, भांडण मात्र दोघांना नीट समजलं. मी तोऱ्यात घरी आलो.

नेमका त्याच आठवड्यात चिरंजिवांनी सहकुटुंब समुद्रावर जायचा बेत काढला. सामान बांधायचं काम माझ्याकडे आलं (दया म्हणून, पण आलं). मग मी हयगय केली नाही. बॅगा, छत्र्या, बाबागाडी, बाळाच्या दुधाच्या बाटल्या आणि लंगोटांचं खोकं, सगळं कैची गाठीने आवळून टाकलं. चिरंजीव म्हणाले, बाबा, आपण तीन दिवसांसाठी चाललोय. मी फक्त हसलो.

अर्ध्या वाटेत नात उठली. भूक लागली आणि लंगोटही भरला, दोन्ही एकदम. पेट्रोलपंपावर गाडी थांबवली, खोकं काढलं, आणि साडूभाऊ, ती गाठ सुटेना! चिरंजिवांनी दात लावले. मंडळींनी केसांची पिन घातली, ती वाकली. सुरी होती, पण ती दुसऱ्या बॅगेत, आणि त्या बॅगेलाही मीच बांधलेलं. नात रडून रडून लालबुंद. सूनबाईंच्या डोळ्यांत पाणी. चिरंजीव बापाला बोलायचं नाही म्हणून गप्प, पण कान तांबडे झालेले. मंडळी गप्प नव्हत्या. शेवटी पंपावरच्या पोराने पत्रा कापायची कात्री आणून दिली आणि एकदाचं खोकं उघडलं. पुढचा सबंध रस्ता गाडीत माझ्याशी कोणी बोललं नाही. मी खिडकीबाहेर बघत बसलो आणि डोळ्यांसमोर सारखी ती कानावर पेन खोचलेली बाई.

समुद्रावरच्या खोलीत पोचलो तर नवा प्रकार. नवी जागा, खारा वारा, पोरीचं पोट फुगलेलं. दुपारभर रडली. सूनबाईंनी झुलवलं, मंडळींनी थोपटलं, चिरंजिवांनी पुस्तक काढून त्यातलं पान वाचून दाखवलं (बाळालाच). सगळ्यांनी हात टेकले. सूनबाई पलंगाच्या कडेला बसून म्हणाल्या, मला काहीच येत नाही, मी कसली आई! तेव्हा मात्र माझ्याच्याने बघवेना. मी म्हटलं, आणा ती इकडे. मंडळी "अहो" म्हणेपर्यंत दुपटं पलंगावर अंथरलंसुद्धा.

नाजूक माल बांधायची रीत वेगळी असते. काचेला सुतळी लावत नाहीत. एक कोपरा खाली दुमडला, पोरीला मधे ठेवलं, डावी बाजू वरून घेऊन पाठीखाली, पाय मोकळे हलतील इतकी जागा ठेवून खालचा भाग वर, मग उजवी बाजू वरून, आणि शेवटचं टोक नुसतं खोचलेलं, एका बोटाने ओढलं की सगळं उलगडावं असं. (कोणी सांगितलं म्हणून नव्हे. मला ते आधीपासून माहीत होतं, फक्त आठवलं तेव्हा.) पोरीने हुंदका अर्ध्यावर थांबवला. माझ्याकडे टक लावून बघितलं. केवढी मोठी जांभई दिली! आणि झोपली, साडूभाऊ, माझ्या हातांवर, गाढ! सूनबाई हसता हसता रडल्या आणि चक्क माझ्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाल्या, बाबा, आता तुम्ही जायचं नाही. मंडळींनी तोंडाला पदर लावला होता, आणि तो हसण्यासाठी नव्हता. माझं पोट आनंदाने इतकं भरलं की रात्री जेवलोच नाही.

परत आल्यावर शेडमध्ये गेलो आणि खोक्यालाही तसाच फास बसवला: हादऱ्याने सुटत नाही, टोक ओढलं की एका हाताने उघडतं. बाईंनी ओढून बघितलं, आणि स्वतःच्या कानावरचं पेन काढून माझ्या खिशाला लावलं. आता बांधणीच्या टेबलाचा प्रमुख मी आहे. सकाळी शेड, संध्याकाळी नात. घरात हाक ऐकू येते, "बाबा, बांधायला या!" विमानतळावरचं तुमचं वाक्य एकदा मोठ्याने वाचा आणि मग हे पत्र ताईंना वाचून दाखवा. ताईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, तुमच्या गुडघ्याला शुभेच्छा.

आपला (सध्या फार कामात असलेला)
धाकटा साडू

ता. क. मंडळींनी पत्र वाचलं. म्हणतात, पोर दमून झोपली, दुपट्याचा काही संबंध नाही. वाचून तुम्ही खूश व्हाल म्हणून कळवतो.

ता. क. दुसरा. पत्र लिहिलं त्याला चार दिवस झाले, टाकायचं राहिलं, आणि दरम्यान थोडं बिनसलं आहे. माझ्या बांधणीतून आजवर काही निसटलं नव्हतं. पण पोरगी परवापासून दुपट्यातून दोन्ही हात बाहेर काढते आणि टकाटका बघत बसते. झोप नाही. तुम्ही तुमच्या नातवाला जी अंगाई म्हणून झोपवता (ज्यावर मी सगळ्यांदेखत हसलो होतो), ती सबंध लिहून लगेच पाठवा. चाल ताईंना फोनवर म्हणू द्या, तुम्ही म्हणू नका. आणि अक्षर लावून घ्या. हे डाव्या हाताने लिहितोय. उजव्या हाताचं बोट तिने मुठीत धरलंय, तासभर झाला, सोडत नाही, आणि मी कोणालाही सोडवू दिलेलं नाही.