अध्यक्षबाई, जरा हसा

११ जानेवारी
विद्यार्थी संघटनेच्या सल्लागार फ्रीसन बाईंनी बोलावलं. "लारिसा, तू अध्यक्ष आहेस. आनंदी माणसाच्या मागे विद्यार्थी जातात, पाहणीत सिद्ध झालंय. जरा हसत जा."
मी हसले.
"असं नाही," म्हणाल्या.

१४ जानेवारी
आरशासमोर सराव. गाल दुखले.

१९ जानेवारी
उणे एकतीस अंश. विनिपेग शहराला त्याचं काही नाही, मला आहे. नदीपलीकडच्या वसतिगृहाची संध्याकाळची बस विद्यापीठ बंद करणार. म्हणजे पुलावरून चाळीस मिनिटं पायी! कुलसचिवांना भेटले. पूर्ण वेळ हसत होते. त्यांनाही बरं वाटलं. "तुमची फारशी अडचण दिसत नाही," म्हणाले.
सोमवारपासून बस बंद.

२० जानेवारी
उपाध्यक्ष डेस्मंड— "बसबद्दल बोलायला गेली होतीस की दात काढायला?"


२९ जानेवारी
सभा. सव्वीस जण. चेहऱ्यावर तेच हसू घेऊन उभी राहिले. पहिल्या वर्षाची एव्हलिन उठली. दोन बोटांना बँडेज— पुलावर गारठून काळी पडलीत. "अजून किती जणांची बोटं हवीत तुम्हाला?"
रडू आलं. सगळ्यांसमोर! नाक पुसत म्हणाले, "चुकलं माझं. अध्यक्ष झाल्यापासून रोज सकाळी उठावंसंच वाटत नाही. मी खूश नाहीये. पण बस परत आणायचीय. मला एकटीला जमत नाही."
टाळ्या वगैरे नाहीत. डेस्मंड खाकरला. "मग कुलसचिवांनाच नेऊ की पुलावरून."

३१ जानेवारी
आले ते! मागे नव्वद विद्यार्थी होते, नाही कसं म्हणतील? डेस्मंड सगळ्यांत पुढे. मी सगळ्यांत शेवटी, एव्हलिनबरोबर. ती तिच्या आजीच्या कोंबड्यांबद्दल सांगत होती. मजा आली. पुलाच्या मध्यावर कुलसचिवांच्या भुवयांवर बर्फ साचला.
"समजलं मला. पुरे."
"अजून अर्धा आहे, सर," डेस्मंड म्हणाला.

४ फेब्रुवारी
बस सुरू. फ्रीसन बाई— "बघ! हसण्याचा उपयोग झाला ना?"
हो म्हणाले. वाद कोण घालणार.

२० फेब्रुवारी
पुढच्या वर्षाच्या अध्यक्षपदासाठी डेस्मंड उभा राहतोय. आधी मला सांगायला आला. "राग नाही ना गं?"
"मीपण उभी आहे," म्हणाले. का, ते माहीत नाही. सवय असेल.

११ मार्च
काल निकाल. चौदा मतांनी हरले.
सकाळी आंघोळ करताना गात होते म्हणे. खोलीतल्या दारियाने बाहेरून दार बडवलं— "जिंकलीस वाटतं!"