मारीसोलचं मातीचं झाड

कार्ल्सरूहे, जर्मनी,
१७ मे २०१४

प्रिय सुधा,

सप्रेम जय भीम. तिकडे सगळे बरे असाल. माझे गुडघे इथल्या गारठ्यात कुरकुरतात, बाकी ठीक. फोनवर बोलताना सुगत शेजारीच असतो, म्हणून लिहायला बसले.

तुझ्या नणंदेच्या, नीताच्या मुलीशी लग्नाला सुगतचा होकार घेऊनच ये, असं तू बजावलं होतंस. सांगते, पण आधी बुधवारी काय झालं ते ऐक.

सुगतच्या कपाटावर मातीचं एक झाड आहे. पानं, फुलं, पाखरं तारांवर बसवलेली, आणि रंग इतके भडक की बघतच राहावं. मधे एक बाप्या, एक बाई. फांद्यांच्या टोकांना मेणबत्तीच्या वाट्या. बुधवारी बुद्धपौर्णिमा. म्हटलं, वंदनेला यातच मेणबत्त्या लावू. पण धुळीची वस्तू तसबिरींपुढे कशी ठेवायची? नळाखाली धरली आणि घासणीनं खसाखसा घासली. अगं, निळं-गुलाबी पाणीच वाहायला लागलं. पाखरं पांढरीफटक झाली, त्या दोघांची तोंडंही पुसली गेली.

सुगत ऑफिसातून आला आणि त्यानं झाड माझ्या हातातून काढूनच घेतलं. म्हणाला, माती भाजल्यावर वरून रंगवतात, याला पाणी लावायचं नसतं. झाड मारीसोलचं निघालं. ही त्याच्या इन्स्टिट्यूटमधली मेक्सिकोची मुलगी. वंदनेला ती येणारच होती, आली. रागावली नाही, पण डोळे भरून आले तिचे. सुगतशी जर्मनमध्ये बराच वेळ बोलली, आणि त्यानं मला सांगितलं एवढंच, की तिच्या आजीनं पाठवलंय.

एवढ्यावर मी गप्प बसते होय? बाकीचं काय म्हणाली ते खोदून खोदून विचारलं.

"त्यांच्याकडे लग्नात नव्या जोडप्याला देतात, आई."

"मग जोडपं कुठंय?"

पोरीला मराठी कळत नाही, पण तिनं आधी स्वतःकडे बोट केलं, मग सुगतकडे.

राग आला मला, खोटं कशाला सांगू. दोन दिवस सुगतशी धड बोलले नाही. पण त्या कोऱ्या तोंडांकडे सारखं लक्ष जायचं. आज ती रंग घेऊन आली, तेव्हा न राहवून मीच खुणेनं विचारलं, डोळे कसे काढतात? तिनं ब्रश माझ्या हातात दिला, मनगट धरून दाखवलं. बाप्याचं नाक मी सुगतसारखं फेंदारलेलं काढलं, तर "गेनाऊ", म्हणजे अगदी तस्संच, म्हणून हसली. एवढं जर्मन मलाही कळतं.

बाईचं तोंड काढायला तिच्याकडे नीट बघावंच लागलं. तिच्यात काय काय बघितलं ते तुला सांगता येणार नाही, पण पोरगी मला आवडली गं.

नीताला नाही म्हणून तूच सांग. तुला वाईट वाटेल, मलाही वाटलं.

तुझी ताई, मारीसोलची सासू,
द्रौपदी